हलाल, कोशेर आणि आपल्या औषधांची घटकसूची

पथ्य सांगणे हे वैद्याचे काम आणि ते पाळणे हे रुग्णाचे, अशी सरळ विभागणी आपण सर्वांनीच गृहीत धरलेली असते. परंतु रुग्णही स्वतःचे काही पथ्य घेऊनच आपल्या दारी येतो, ते त्याला त्याच्या धर्माने, पंथाने वा कुळाने दिलेले असते, आणि आपण दिलेल्या औषधाने ते मोडू नये एवढी त्याची साधी अपेक्षा असते. या अपेक्षेची दखल आपल्या परिषदांतून व चर्चासत्रांतून जितकी घेतली जावयास हवी तितकी घेतली गेलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परभणी जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्यास हा विषय टाळता येण्यासारखा नाही. परभणी शहर, पाथरी, मानवत, जिंतूर, पूर्णा या सर्व ठिकाणी मुस्लिम समाजाची मोठी व जुनी वस्ती आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वैद्य आणि हकीम एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी बसत, आणि आपली त्रिफळा त्यांच्याकडे ‘इत्रिफल’ होऊन नांदत असे. त्यामुळे काढा, चूर्ण, मुरंबा यांविषयी या समाजात परकेपणा मुळीच नाही. तरीही अलीकडे औषध हाती घेताना, “डॉक्टरसाहेब, यात काही तसले नाही ना?” हा प्रश्न वाढू लागला आहे. याचे कारण रुग्णाचा कडवेपणा वाढला, असे काही व्यवसायबंधू सांगतात. आम्हांस ते पटत नाही. पूर्वी औषध डोळ्यांदेखत कुटले जाई, आता ते बंद डबीतून येते. प्रश्न वाढला तो डबीमुळे.

शिवाय हा प्रश्न एकाच समाजाचा आहे असेही नाही. जिंतूरकडील जैन कुटुंबे नेमगिरीच्या यात्रेइतक्याच निष्ठेने मधाचा त्याग पाळतात, आणि आपण मात्र ‘मधातून चाटण’ असे सवयीने लिहून मोकळे होतो. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. त्या पंचक्रोशीतील माळकऱ्यास कॅप्सूलचे आवरण हाडांपासून निघालेल्या जिलेटिनचे असते हे सांगितले, तर तो ती कॅप्सूल परत करतो. आमच्याकडील एक वृद्ध माळकरी कॅप्सूल उघडून आतील चूर्ण पाण्यातून घेत आणि आवरण कागदात गुंडाळून आम्हांस परत आणून देत. त्यांनी तक्रार कधीच केली नाही. केवळ परत आणून देत.

हलाल आणि कोशेर या दोन व्यवस्थांविषयी आपल्या व्यवसायात मोघम ऐकीव माहितीच अधिक आहे, म्हणून त्यांचे स्वरूप थोडे मांडणे आवश्यक वाटते. इस्लामी नियमांत मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि ईश्वरेतर नावाने अर्पिलेला पशू हे निषिद्ध आहेत. मद्याचा निषेध स्वतंत्र आहे. खाण्यायोग्य पशूही अल्लाचे नाव घेऊन, गळ्याच्या शिरा छेदून, रक्त वाहू देऊन मारलेला असावा लागतो. म्हणजे जनावर कोणते एवढाच प्रश्न नसून ते कसे मारले हाही प्रश्न आहे. शाखाभेदही लक्षात घेण्याजोगा आहे. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे, त्यांना समुद्रातील सर्व जीव चालतात. आपल्या मराठवाड्यातील बहुसंख्य हनफी, त्यांच्याकडे समुद्रातून मासा तेवढा ग्राह्य आणि इतर जलचरांविषयी मतभेद. तेव्हा एका मुस्लिम रुग्णाने चालते म्हटले म्हणून दुसऱ्यालाही चालेल असे मानणे बरोबर नाही.

ज्यू लोकांची कोशेर व्यवस्था याहून सूक्ष्म आहे. ज्या पशूचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो तोच ग्राह्य, माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, रक्त वर्ज्य, आणि मांस व दूध एकत्र शिजवणे, खाणे, इतकेच नव्हे तर त्यांची भांडीही एक करणे निषिद्ध. द्राक्षापासून केलेल्या मद्याच्या बाबतीत ते ज्यू माणसाच्याच हातून तयार व्हावे असा आणखी एक कटाक्ष आहे. मधमाशी स्वतः अग्राह्य असूनही तिचा मध मात्र ग्राह्य मानला आहे.

ही सर्व दूर देशीची गोष्ट आहे असे वाटून कोणी पान उलटू नये. महाराष्ट्राने कोशेर शतकानुशतके पाहिले आहे, केवळ त्याला ते नाव ठाऊक नव्हते. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातील बेने इस्रायली तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात मराठी, अंगावर मराठी पोशाख, आडनावे दिवेकर, किहीमकर, पेणकर. पण खवले नसलेला मासा पातेल्यात पडत नसे आणि मटणाच्या रश्श्याला दुधादह्याऐवजी नारळाचा रस घातला जाई. या समाजात अशी कथा सांगितली जाते की, डेव्हिड राहबी नावाच्या धर्मशिक्षकाने हे लोक खरोखर ज्यू आहेत काय हे पडताळण्यासाठी तेथील स्त्रियांपुढे सर्व प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी खवले व पर असलेले तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. धर्मग्रंथ हरवला, भाषा हरवली, तरी ताटातला नियम टिकला. आहारनियम माणसाच्या किती खोलवर रुजलेला असतो, हे वैद्याने यावरून समजून घ्यावे.

येथे एक मोह आवरावयास हवा. दूध-मांसाचा निषेध वाचताच आपल्यापैकी अनेकांस चरकाचा विरुद्धाहार आठवेल. दुधाबरोबर मासा वर्ज्य, ग्राम्य-आनूप-औदक मांस दूध-मध-गुळाबरोबर वर्ज्य, हे सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायातील विवेचन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या पुढच्याच अध्यायात आपोआप मेलेल्या, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, विषाने मेलेल्या वा हिंस्र प्राण्याने मारलेल्या पशूचे मांस टाकून द्यावे असे सांगितले आहे, आणि तेही हलालच्या नियमाशी जुळते वाटते. मग “पाहा, सर्व काही आमच्याकडे आधीच होते” असे म्हणून व्यासपीठावर टाळ्या मिळविता येतात. पण हे साम्य वरवरचे आहे. आपला निषेध दोष-धातू-अग्नीच्या विचारातून आलेला, म्हणून त्यात देश, काल, मात्रा, सात्म्य यांनी फेरफार होऊ शकतो. त्यांचा निषेध आज्ञेतून आलेला, तो अग्नी प्रदीप्त आहे म्हणून शिथिल होत नाही. रुग्णास “हे तुमच्या आरोग्यासाठीच सांगितले होते, आता तशी भीती नाही” असे समजावणारा वैद्य स्वतःचे शास्त्र त्याच्या धर्मावर लादीत असतो.

आता आपल्या घरात पाहू. चरकाच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याच्या आठव्या अध्यायात क्षीणमांस रुग्णास मांसाहार सांगितला आहे आणि त्यात एक असा भाग आहे जो आपण वर्गात वाचला, परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे त्यावर कधी बोललो नाही. मोराच्या नावाखाली गिधाड-घुबडाचे, तित्तिराच्या नावाखाली कावळ्याचे, माशाच्या नावाखाली सापाचे मांस द्यावे. माशाची आतडी म्हणून तळलेले गांडूळ द्यावेत. कारणही तेथेच दिले आहे : खरे नाव कळल्यास किळस येऊन रुग्ण ते खाणार नाही, खाल्लेच तर ओकून टाकील, म्हणून प्रिय नावाने द्यावे, म्हणजे सुखाने खाईल. आचार्यांचा हेतू रुग्णाचा जीव वाचविण्याचा होता याविषयी आम्हांस शंका नाही. क्षयाने अस्थिपंजर झालेल्या माणसापुढे त्या काळी दुसरा मार्ग तरी कोणता होता? परंतु ही परवानगी आज कोणी वापरू पाहील तर ते चालणार नाही, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. तेथे लपविला जातो तो किळसेचा विषय. येथे लपविला जाईल तो श्रद्धेचा. किळस औषध पचल्यावर संपते. श्रद्धाभंग कळला की रुग्ण त्या औषधावरच नव्हे, त्या वैद्यावर आणि त्या शास्त्रावर पाणी सोडतो. माणूस आई-बाप-मुलांविषयीही शंका घेईल पण वैद्यावर निःशंक होऊन स्वतःस सोपवितो, असे सुश्रुतानेच सूत्रस्थानात म्हटले आहे. त्या विश्वासाचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

आणि परंपरेत केवळ लपविण्याचाच मार्ग आहे असेही नाही. महामाष तैलाचे सामिष व निरामिष असे दोन पाठ आपल्याकडे आहेत. कोणीतरी कधीतरी, बकऱ्याचे मांस न चालणाऱ्या रुग्णासाठी, तेल निराळे सिद्ध करण्याचा खटाटोप केला आणि तो पाठ नावानिशी वेगळा नोंदविला. अभावप्रतिनिधी द्रव्यांची कल्पनाही आपलीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे कस्तुरी हाती येईनाशी झाली तेव्हा आपण लताकस्तुरीकडे वळलोच ना? कायद्यासाठी जे केले ते रुग्णासाठी करता येणार नाही असे कसे म्हणावे?

आपल्या औषधालयात प्राणिज द्रव्ये किती आहेत याची एकदा शांतपणे उजळणी करावी. तूप, दूध, मध, गोमूत्र ही उघड. शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ, मुक्ता ही समुद्रातील. कुक्कुटाण्डत्वक् भस्म, मृगशृंग, समुद्रफेन, गोरोचन, लाक्षा ही नावातच स्पष्ट. छागलाद्य घृतात बकऱ्याचे मांस. आनूप पशूंच्या वसेत डुकराच्या वसेला चरकाने श्रेष्ठ म्हटले आहे. आज ती कोणी वापरीत नसले तरी ग्रंथोक्त पाठाचे नाव पाहून शंका घेणाऱ्या रुग्णास ती शंका घेण्याचा आधार आहे. भस्मांविषयी एक सूक्ष्म मुद्दा आहे. इस्लामी धर्मशास्त्रात ‘इस्तिहाला’ म्हणजे पदार्थाचे स्वरूप पूर्ण पालटणे अशी संकल्पना आहे; मद्याचा सिरका झाला की तो ग्राह्य होतो, हे तिचे नेहमीचे उदाहरण. अग्निसंस्काराने शंखाचे भस्म होणे याच कोटीत बसते काय, किंवा हाडांचे जिलेटिन होणे बसते काय, यावर उलेमांत मतभिन्नता आहे. तो निर्णय त्यांचा. आपण मूळ द्रव्य आणि संस्कार एवढे सांगावे. निर्णय देऊ नये.

खरी अडचण मात्र ग्रंथोक्त द्रव्यांची नसून आधुनिक निर्मितीत शिरलेल्या द्रव्यांची आहे. जिलेटिनची कॅप्सूल, वटीतील मॅग्नेशियम स्टिअरेट, सिरपमधील ग्लिसरीन, रंगासाठी कार्माइन, चकाकीसाठी लाखेचे आवरण. यांपैकी जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून वा कातड्यापासून, परदेशात पुष्कळदा डुकराच्या कातड्यापासून बनते; कार्माइन किड्यापासून; स्टिअरेट आणि ग्लिसरीन वनस्पतीपासूनही बनतात आणि चरबीपासूनही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकांची खरी सूची असणे बंधनकारक आहे. त्या सूचीत अश्वगंधेचे वनस्पतिशास्त्रीय नाव असते, तिचे मूळ वापरले हेही असते. पण ते चूर्ण ज्या कॅप्सूलमध्ये भरले तिचे मूळ क्वचितच असते. खाद्यपदार्थांवर २००१ पासून शाकाहाराची हिरवी खूण आली. मांसाहारी पदार्थांची तपकिरी खूण पुढे २०२० च्या नियमांनी त्रिकोणी झाली. ९ डिसेंबर २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने खाद्यपदार्थातील प्रत्येक घटक वनस्पतिजन्य की प्राणिज हे उघड करावे, केवळ सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही, असे बजावले. २०२४ साली तर एका दंतमंजनावर हिरवी खूण असूनही त्यात समुद्रफेन आहे अशी तक्रार त्याच न्यायालयात गेली. समुद्रफेन म्हणजे काय हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते.

आम्ही स्वतः एका उत्पादकास त्यांच्या कॅप्सूलच्या आवरणाविषयी दोन वेळा लेखी विचारले. उत्तर आले नाही. प्रतिनिधी मात्र आले आणि नव्या योजनेचे दरपत्रक ठेवून गेले.

आसवारिष्टांचा प्रश्न याहून अवघड आहे. धायटीच्या फुलांनी संधान झालेल्या या कल्पांत बहुधा पाच ते बारा टक्क्यांच्या दरम्यान स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. तो बाहेरून घातलेला नाही, मात्रा अल्प, उद्देश औषधाचा, म्हणून काही धर्मपंडित त्यास मुभा देतात, काही देत नाहीत. दोन्ही धर्मांत प्राणसंकटी निषेध शिथिल होतो हेही खरे आहे. परंतु ही सवलत वैद्याने रुग्णाच्या वतीने परस्पर घेऊ नये, आणि बहुतेक वेळा ती घेण्याची वेळही येत नाही, कारण आपल्याकडे पंचविध कषायकल्पना आहेत. दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ, कुटजारिष्टाऐवजी कुटजघन वटी, द्राक्षासवाऐवजी मनुका वा द्राक्षावलेह, अशोकारिष्टाऐवजी अशोकसालीचा क्षीरपाक. काढा करून घेण्याचे कष्ट रुग्णास पडतात हे मान्य. पण ते कष्ट घ्यावयाचे की बाटली घ्यावयाची हे त्याने ठरवावे, आणि ठरविण्यासाठी बाटलीत काय आहे हे त्याला आधी कळावे. (बाटलीवर नफा अधिक असतो, ही गोष्ट या चर्चेत कोणी काढीत नाही.)

आता प्रमाणपत्रांविषयी. कोशेरचे प्रमाणन अमेरिकेत रुजले त्यास शतक उलटले. ऑर्थोडॉक्स युनियनचे वर्तुळातील ‘यू’ अक्षर तेथील असंख्य डब्यांवर असते. हलालच्या बाजूने मलेशियाने २०१२ साली औषधांसाठी स्वतंत्र मानक काढले, आणि इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याखाली पारंपरिक औषधांनाही हलाल प्रमाणनाच्या कक्षेत आणून त्यासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरविली. इकडे १८ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेश शासनाने हलाल प्रमाणित उत्पादनांच्या निर्मिती, साठवण व विक्रीवर बंदी घातली, निर्यात तेवढी वगळली. म्हणजे एकाच कारखान्यातील एकच डबी बंदरावर शिक्क्यानिशी चालावी आणि दुकानात शिक्क्याविना. शिक्का हवा की नको या वादात आमचे मत कोणत्याच बाजूच्या घोषणेशी जुळत नाही. शिक्क्यामागे शुल्क आहे, शिक्क्यामागे राजकारणही आहे. पण शिक्क्याची मागणी निर्माण झाली ती घटकसूची अपुरी आहे म्हणून. सूची पूर्ण असेल तर माळकरी, जैन, मुसलमान, ज्यू, कोणीही ती वाचून आपला निर्णय स्वतः करील आणि परभणीच्या दुकानदारास कोणाच्याही शिक्क्याची गरज उरणार नाही.

औषधनिर्मात्यांनी एक गोष्ट मात्र या व्यवस्थांकडून अवश्य उचलावी. कोशेर तपासणारा मनुष्य केवळ घटक पाहून परतत नाही. तो कढई पाहतो, नळी पाहतो, आधीच्या घाण्यात काय शिजले ते विचारतो. आपल्याकडे एकाच कढईत सकाळी छागलाद्य घृत आणि दुपारी त्रिफळा घृत सिद्ध होत असेल, तर दुसऱ्याच्या सूचीत बकऱ्याचे नाव नसूनही ते तेथे असते. मांसयुक्त कल्पांची कढई, झारा व गाळणीचे कापड वेगळे ठेवणे आणि घाण्याच्या नोंदवहीत आधीच्या कल्पाचे नाव लिहिणे यास खर्च तो किती?

आणि चिकित्सकांनीही स्वतःच्या पुड्यांकडे पाहावे. कंपनीच्या लेबलावर टीका करणारे आपण, चार भस्मे व दोन चूर्णे एकत्र करून कोऱ्या कागदात बांधतो. त्या पुडीला कोणताच नियम दिसत नाही. आमच्याकडे आता पुडीबरोबर एक चिठ्ठी जाते : द्रव्यांची नावे मराठीत, प्राणिज असेल त्यापुढे ‘प्राणिज’ आणि त्याचे मूळ, संधान असेल तर ‘संधान’, अनुपान मधाचे असेल तर त्यास पर्याय. उर्दू वाचणाऱ्यांसाठी शेजारच्या एका शिक्षकांकडून उलट बाजूस मजकूर लिहवून घेतला आहे. रमजानमध्ये याच चिठ्ठीवर औषधाची वेळ इफ्तार आणि सहेरी अशी मांडतो. अधोभक्त, प्राग्भक्त हे काळ त्यात सहज बसतात, केवळ मध्यभक्त आणि मुहुर्मुहु यांची अडचण येते, आणि तेव्हा त्या महिन्यापुरता कल्पच बदलावा लागतो.